प्रयोगशाळेतला फोन: कोणती ॲप्स कामाची, कोणती नुसती जागा अडवणारी

प्रयोगशाळेत काम करणाऱ्याचे हात कधी मोकळे नसतात. एका हातात पिपेट, दुसऱ्यात नळी, पलीकडे सेंट्रीफ्यूज थांबायच्या बेतात, आणि डोक्यात एक आकडेमोड अर्धी राहिलेली. संगणक खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतो, नाहीतर त्यावर आधीच कोणीतरी बसलेलं असतं. मग खिशातला फोन बाहेर निघतो.

वैज्ञानिकांसाठीच्या ॲप्सच्या याद्या इंटरनेटवर पैशाला पासरी मिळतात. त्यातली बरीच ॲप्स आज शोधायला गेलं तर सापडत नाहीत. जी सापडतात, त्यातली कित्येक एकदा उघडून आपण कायमची विसरतो. म्हणून इथे यादी नाही. बेंचवर उभं राहून फोनकडून कोणती कामं खरोखर करून घेता येतात आणि त्या कामांत ॲप आतल्या आत काय करतं, एवढंच सांगायचा बेत आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: ॲप जितकं साधं आणि रटाळ, तितकं ते जास्त दिवस टिकतं आणि जास्त कामाला येतं.

गणित ॲपचं, बाटली आपली

द्रावण तयार करायचं गणित शाळेतलंच आहे. मोलॅरिटी (एका लिटरमध्ये पदार्थाचे किती मोल), आकारमान आणि रेणुभार यांचा गुणाकार केला की किती ग्रॅम घ्यायचे ते कळतं. तरीही चुका होतात, कारण हे गणित दिवसातून अनेकदा, घाईत आणि दर वेळी वेगळ्या एककांत करावं लागतं. मोलॅरिटी कॅल्क्युलेटर या कामाला चांगला. रसायनं आणि एन्झाइम विकणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी असे कॅल्क्युलेटर फुकट दिलेले आहेत. काही ॲपच्या रूपात आहेत, काही फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतात. गणितापुरते सगळे सारखेच.

पण ॲपला आपल्या हातातली बाटली दिसत नाही, आणि घोडं इथेच पेंड खातं. कॅल्शियम क्लोराइडचं उदाहरण घ्या. जिवाणूंच्या पेशींनी बाहेरचा डीएनए आत घ्यावा म्हणून त्यांना तयार करताना याचं ०.१ मोलर द्रावण नेहमी लागतं. समजा अर्धा लिटर करायचं आहे. ॲपमध्ये नाव टाकलं, त्याने निर्जल कॅल्शियम क्लोराइडचा रेणुभार धरला, ११०.९८, आणि सांगितलं की ५.५५ ग्रॅम घ्या. कपाटातल्या बाटलीत मात्र डायहायड्रेट आहे, म्हणजे प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू, आणि त्याचा रेणुभार १४७.०१. त्यासाठी ७.३५ ग्रॅम लागतात. ५.५५ ग्रॅमच घेतले तर १०० मिलीमोलरच्या जागी साडेपंचाहत्तर मिलीमोलरचं द्रावण तयार होतं. ते दिसायला अगदी तसंच, पारदर्शक असतं. आठवडाभराने प्रयोग फसला की दोष पेशींवर जातो, एन्झाइमवर जातो, द्रावणावर जाता जात नाही. हेक्झाहायड्रेट, म्हणजे पाण्याचे सहा रेणू असलेलं, असेल तर तफावत आणखी मोठी, कारण त्याचा रेणुभार २१९ च्या घरात आहे.

म्हणून ज्या कॅल्क्युलेटरमध्ये रेणुभार आपल्याला स्वतः टाकता येतो, तोच घ्यावा. नाव टाकलं की रेणुभार आपोआप भरणारी सोय बघायला छान वाटते, पण बाटलीवरचा आकडा वाचून टाइप करण्यात जे पाच सेकंद जातात, त्या पाच सेकंदांत आपली नजर लेबलवर पडते. मला ती पाच सेकंदं हवी आहेत.

दुसरी अडचण एककांची. छोट्या पडद्यावर मिली आणि मायक्रो शेजारी शेजारी असतात, बोट जरा घसरलं की उत्तर हजारपट चुकतं आणि ॲपला त्याचं काहीच वाटत नाही. यावर उपाय एकच: ॲप उघडायच्या आधी ढोबळ अंदाज मनात करायचा. उत्तर साधारण पाच ग्रॅम यायला हवं हे माहीत असेल, तर पाच मिलिग्रॅम दिसल्यावर माणूस थबकतो. काहीच अंदाज नसेल तर पडद्यावर येईल ते खरं मानून मोकळा होतो.

विरल करायच्या गणिताचंही तसंच. ॲप बिनदिक्कत सांगतं की मूळ द्रावणाचे ०.०५ मायक्रोलिटर घ्या. गणित बरोबर असतं, पण एवढं मोजणारी पिपेट आपल्याकडे नसते. मधली एक पायरी घालावी, आधी शंभरपट विरल करून मग त्यातले ५ मायक्रोलिटर घ्यावेत, हे माणसाला सुचायला लागतं. पिपेटची किमान मर्यादा विचारणारं आणि तिच्याखाली गेलं तर इशारा देणारं ॲप दिसलं तर ते जरूर ठेवा. अशी फार नसतात.

सेंट्रीफ्यूजचा कॅल्क्युलेटर मात्र प्रत्येकाच्या फोनवर असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. कितीतरी पद्धतींमध्ये अजून "३००० आरपीएमवर (मिनिटाला ३००० फेऱ्या) दहा मिनिटं" एवढंच लिहिलेलं असतं. या वाक्याला खरं तर काही अर्थ नाही. नळीतल्या पेशींवर पडणारा जोर फेऱ्यांवर अवलंबून असतो, तसाच रोटरच्या, म्हणजे नळ्या धरून फिरणाऱ्या भागाच्या, त्रिज्येवरही. सूत्र असं: ०.००००१११८ गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग. ९ सेंटिमीटर त्रिज्येच्या छोट्या रोटरमध्ये ३००० आरपीएमला सुमारे ९०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ९०० पट जोर, मिळतात, तर १५ सेंटिमीटरच्या मोठ्या रोटरमध्ये त्याच ३००० ला १५०० जी. एका ठिकाणी पेशी नुकत्या बसतील, दुसऱ्या ठिकाणी त्यांचा घट्ट गोळा होईल. ॲप त्रिज्या विचारतं तेव्हा ती कुठून कुठपर्यंतची हेही बघावं लागतं. रोटरच्या मध्यापासून नळीच्या तळापर्यंतचं अंतर ही कमाल त्रिज्या, आणि नळीच्या मध्यापर्यंतचं अंतर ही सरासरी. रोटरच्या माहितीपत्रकात दोन्ही दिलेल्या असतात. एकदा शोधून ॲपमध्ये रोटरच्या नावाने साठवून ठेवल्या की वर्षानुवर्षं तो विषय संपतो.

पीसीआर ही डीएनएच्या असंख्य प्रती काढायची पद्धत, आणि प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे म्हणजे प्रायमर. प्रायमरचं वितळण्याचं तापमान काढणारे कॅल्क्युलेटर हा वेगळाच प्रकार. दोन ॲप्समध्ये तोच प्रायमर टाकला तर दोन वेगळी उत्तरं येतात आणि नवखा माणूस गांगरतो. दोन्ही बरोबर असू शकतात. जुना सोपा नियम असा की डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि टी साठी प्रत्येकी २ अंश, जी आणि सी साठी प्रत्येकी ४ अंश मोजायचे. २० अक्षरांच्या प्रायमरमध्ये दोन्ही गट निम्मे निम्मे असतील तर उत्तर ६० अंश. नव्या पद्धतीत शेजारशेजारच्या जोड्यांचा हिशोब धरतात आणि द्रावणातल्या क्षारांचं प्रमाणही विचारात घेतात. कंपन्यांची साधनं तर आपापल्या एन्झाइमच्या बफरप्रमाणे उत्तर देतात. म्हणजे ज्या कंपनीचं पॉलिमरेज (प्रती काढणारं एन्झाइम) वापरायचं, त्याच कंपनीचा कॅल्क्युलेटर वापरणं शहाणपणाचं. एकीचं एन्झाइम आणि दुसरीचं तापमान अशी सरमिसळ केली की मग जेलवर, म्हणजे तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, नको ते पट्टे बघत बसावं लागतं.

वेळ लावणं

टायमरबद्दल काय लिहायचं, असं वाटेल. पण बेंचवर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं ॲप हेच. एका वेळी चार-पाच टायमर लावता यावेत, प्रत्येकाला नाव देता यावं, आणि वेळ संपल्यावर घड्याळ थांबू नये, पुढे मोजत राहावं, या तीन गोष्टी बघाव्यात. तिसरी विशेष मोलाची. घंटा वाजली तेव्हा आपण शीतखोलीत होतो आणि धुण्याची पायरी सहा मिनिटं उशिरा झाली, हे वहीत लिहायचं तर ती सहा मिनिटं कोणीतरी मोजलेली असायला हवीत.

अँड्रॉइड फोनवर एक खोच आहे. २०१५ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून, फोन काही काळ नुसता पडून राहिला की बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतल्या ॲप्सची कामं लांबवतो. फोनसोबत आलेलं घड्याळ यातून सुटतं, बाहेरून घेतलेली टायमर ॲप्स कधी कधी सापडतात. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपवरचे निर्बंध काढायचे आणि महत्त्वाच्या प्रयोगाआधी एकदा अर्ध्या तासाचा टायमर लावून फोन तसाच ठेवून बघायचा. आणि फोन तराजूच्या टेबलावर ठेवायचा नाही. तो थरथरला की चौथ्या दशांशस्थळाचा आकडा नाचायला लागतो आणि शेजारच्याच्या शिव्या खाव्या लागतात.

रसायनाची ओळख पटवणं

सुरक्षिततेच्या माहितीसाठी दोन ॲप्स नाव घेऊन सांगण्यासारखी आहेत, कारण दोन्ही सरकारी संस्थांनी काढलेली आहेत आणि त्यांना आपल्याला काही विकायचं नाही. अमेरिकेच्या निऑश या कामगारांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या संस्थेचं 'पॉकेट गाइड टू केमिकल हझार्ड्स' फोनवर मिळतं. हवेत किती प्रमाण झालं की धोका, त्वचा आणि डोळे कसे जपायचे, कोणता मुखवटा, अंगावर सांडलं तर काय, असं सगळं थोडक्यात आहे. दुसरं 'कॅमिओ केमिकल्स', अमेरिकेच्याच नोआ (सागर आणि हवामान) आणि ईपीए (पर्यावरण) या संस्थांचं. त्याची खासियत अशी की दोन रसायनं निवडली की ती एकत्र आल्यावर काय होऊ शकतं ते सांगतं. टाकाऊ द्रावणांच्या बाटलीत काही ओतण्याआधी हे बघण्याची सवय फार चांगली. नायट्रिक ॲसिड असलेल्या बाटलीत सेंद्रिय द्रावक ओतून झाकण घट्ट लावणं हे बाटली फुटण्याचं जुनं, ठरलेलं कारण आहे.

शोधताना रसायनाच्या नावापेक्षा सीएएस क्रमांक, म्हणजे त्याला दिलेला नोंदणी क्रमांक, वापरावा. एका रसायनाला दहा नावं असतात, क्रमांक मात्र त्याचा एकट्याचा. या क्रमांकात एक गंमत दडलेली आहे. त्याचा शेवटचा अंक हा तपासणीचा अंक असतो. पाण्याचा क्रमांक ७७३२-१८-५. शेवटचा ५ बाजूला ठेवा आणि उरलेले अंक उजवीकडून घ्या: ८ गुणिले १, १ गुणिले २, २ गुणिले ३, ३ गुणिले ४, ७ गुणिले ५, ७ गुणिले ६. बेरीज १०५. तिचा शेवटचा अंक ५, म्हणजे क्रमांक बरोबर. ॲसिटोनायट्राइलचा ७५-०५-८ घेऊन बघा, बेरीज ४८ येते. टाइप करताना एखादा अंक चुकला तर ही बेरीज बहुतेक वेळा जुळत नाही. चांगली ॲप्स हे आपोआप तपासतात आणि असा क्रमांक अस्तित्वातच नाही असं सांगतात. तपासणी न करणारं ॲप नुसतं "सापडलं नाही" म्हणतं, आणि आपण समजतो की रसायन फारसं धोक्याचं नसेल.

ही ॲप्स सुरक्षा माहितीपत्रकाला पर्याय नव्हेत. जगभर वापरल्या जाणाऱ्या नमुन्यात त्या पत्रकाचे सोळा विभाग असतात. चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात संरक्षणाची साधनं, दहाव्यात स्थिरता आणि अभिक्रियाशीलता. आपल्या रोजच्या वापरातल्या रसायनांची पत्रकं फोनमध्ये उतरवून ठेवली तर नेटवर्क नसलेल्या तळघरातही ती उघडतात.

कॅमेरा: सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात फसवा

फोनमधलं कोणतं एकच साधन ठेवायचं असं कोणी विचारलं तर मी कॅमेरा म्हणेन. बाटलीचं लेबल, लॉट क्रमांक, उपकरणाच्या पडद्यावरचं सेटिंग, प्लेटची मांडणी, नळ्या कोणत्या क्रमाने लावल्या ते, यांचे फोटो काढायला क्षणभर पुरतो आणि तीन महिन्यांनी तेच फोटो जीव वाचवतात. प्रत्येक फोटोत तारीख आणि नमुना क्रमांक लिहिलेली कागदाची चिठ्ठी ठेवायची. फाइलचं नाव बदलतं, फोटो इकडून तिकडे जातो, चिठ्ठी मात्र चित्राच्या आतच राहते.

गडबड सुरू होते ती फोटोवरून मोजमाप करायला लागल्यावर. फोनचा कॅमेरा हे प्रकाशमापक नाही, तो फोटो सुंदर करणारा कारागीर आहे. बटण दाबल्यावर तो एकाऐवजी अनेक चित्रं घेतो, त्यांची सरमिसळ करतो, अंधारे भाग उजळतो, कडा धारदार करतो, रंग "नैसर्गिक" दिसतील असे फिरवतो आणि शेवटी फाइल लहान करण्यासाठी बारीक तपशील टाकून देतो. शिवाय साठवलेल्या चित्रातला आकडा दुप्पट झाला म्हणजे प्रकाश दुप्पट झाला असंही नसतं, कारण डोळ्यांना बरं दिसावं म्हणून ते नातं मुद्दाम वाकवलेलं असतं. त्यामुळे जेलचा फोनवर काढलेला फोटो ॲपमध्ये टाकून पट्ट्यांची तीव्रता मोजली आणि "प्रथिन ४० टक्क्यांनी वाढलं" असं लिहिलं, तर त्या ४० टक्क्यांत प्रथिन किती आणि फोनची कारागिरी किती, हे कोणालाच सांगता येणार नाही. दोन वेगळ्या फोटोंची तुलना तर त्याहून वाईट, कारण प्रत्येक वेळी फोनने उजेडाचा हिशोब नव्याने केलेला असतो.

तरीही रंग मोजायचाच असेल, उदाहरणार्थ पीएच पट्टीचा किंवा एखाद्या रंग बदलणाऱ्या चाचणीचा, तर आपोआप चालणारं सगळं बंद करता येतं. हाताने नियंत्रण देणारी कॅमेरा ॲप्स असतात. अँड्रॉइडवर 'ओपन कॅमेरा' हे मुक्तस्रोत ॲप त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यात एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद करता येतात, आणि फोन साथ देत असेल तर कच्च्या स्वरूपातली, म्हणजे कारागिरीच्या आधीची फाइल साठवता येते. फोन स्टँडवर, दिवा तोच, अंतर तेच, प्रत्येक चित्रात तुलनेसाठी रंगाचं कार्ड, आणि ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांची मालिका त्याच चित्रात. एवढं केलं तर उत्तरात दम असतो. त्यापेक्षा कमी केलं तर ते चित्र दाखवायला ठीक, मोजायला नाही.

प्लेटवर वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजणारी ॲप्स याच्या मधली. तिथे तीव्रता नाही, संख्या मोजायची असते, आणि संख्या फोनच्या कारागिरीने फारशी बिघडत नाही. बिघडवतात ते झाकणावरचे थेंब, माध्यमातले बुडबुडे, दिव्याचं प्रतिबिंब आणि एकमेकींना चिकटलेल्या वसाहती. झाकण काढून, काळ्या पार्श्वभूमीवर, बाजूने उजेड टाकून फोटो काढला की निम्मं काम झालं. पहिल्या काही प्लेट्स हातानेही मोजून बघायच्या आणि दोन्ही आकडे जुळतात का ते पाहायचं. ३० ते ३०० च्या दरम्यानच्या प्लेट्सच धरायच्या हा जुना नियम ॲपलाही लागू आहे. त्याच्या वर गर्दी इतकी होते की ॲप दोन वसाहतींना एक समजतं आणि आकडा खाली ओढतं. पुढचं गणितही काही ॲप्स करून देतात: दहा लाखपट विरल केलेल्या नमुन्याचे ०.१ मिलिलिटर पसरले आणि ८७ वसाहती आल्या, तर मूळ नमुन्यात मिलिलिटरला ८७ कोटी जिवाणू. इथे पसरलेलं आकारमान विचारात घेतलं आहे ना, हे एकदा ताडून बघायचं. दहापट चूक लपायला ही हमखास जागा आहे.

एक जाता जाता. फोटोच्या फाइलमध्ये वेळेबरोबर ठिकाणही नोंदलं जातं. दुर्मीळ वनस्पतीचा किंवा प्राण्याचा नमुना जिथे सापडला तिथला फोटो सहज पुढे पाठवला तर ती जागाही सोबत जाते. उलट व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि आतली नोंद पुसली जाते, म्हणजे मूळ पुरावा म्हणून तो निकामी. गटावर टाकलेला फोटो ही नोंद नव्हे. हे नव्या विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

फोनमधले सेन्सर

फोनमध्ये प्रवेगमापक, जायरोस्कोप, चुंबकमापक आणि मायक्रोफोन असतात, काहींत हवेचा दाबही मोजता येतो. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने २०१६ मध्ये आणलेलं 'फायफॉक्स' हे ॲप या सगळ्यांचे कच्चे आकडे दाखवतं, आलेख काढतं आणि ते स्प्रेडशीटमध्ये बाहेर काढू देतं. ते मुळात शिकवण्यासाठी केलेलं आहे, पण प्रयोगशाळेतही त्याचे भलतेच उपयोग निघतात.

माझा आवडता उपयोग शेकर तपासण्याचा. पेशी वाढवायचा शेकर पडद्यावर १८० आरपीएम दाखवतो, पण जुना पट्टा घसरत असेल तर खरी गती वेगळी असू शकते. रिकाम्या शेकरच्या फळीवर फोन पक्का बांधा आणि फायफॉक्समध्ये प्रवेगाचा स्पेक्ट्रम लावा. १८० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३ फेऱ्या, तेव्हा आलेखात ३ हर्ट्झला ठसठशीत टोक दिसायला हवं. ते २.७ ला दिसलं तर शेकर १६२ वर चालला आहे. इथे जायरोस्कोप मात्र जवळपास शून्य दाखवतो आणि बरेच जण बुचकळ्यात पडतात. कारण सरळ आहे: अशा शेकरची फळी गोल मार्गाने सरकते, पण स्वतःभोवती फिरत नाही. तिची एक बाजू कायम त्याच दिशेला असते. फळीच्या मार्गाची त्रिज्या १२.५ मिलिमीटर असेल तर १८० आरपीएमला प्रवेग साधारण ४.४ मीटर प्रति सेकंद वर्ग येतो. फोन सुटून उडू नये म्हणून बांधताना कंजुषी करू नका.

आवाज मोजायला निऑशचं 'साउंड लेव्हल मीटर' आहे. ते २०१७ मध्ये आलं, फक्त आयफोनसाठी. अँड्रॉइड फोनमध्ये मायक्रोफोन इतके तऱ्हेतऱ्हेचे असतात की एकाच ॲपने सगळ्यांवर सारखं मोजणं शक्य होत नाही, म्हणून तिथे ते दिलेलंच नाही. असा नकार देणाऱ्या संस्थेवर माझा विश्वास जास्त बसतो. संस्थेच्या चाचणीत त्याची अचूकता दोन डेसिबलच्या आत आहे. निऑशची शिफारस ८५ डेसिबलला आठ तासांची, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. सोनिकेटरशेजारी (ध्वनिलहरींनी पेशी फोडणाऱ्या यंत्राशेजारी) दिवस काढणाऱ्यांनी एकदा तरी मोजून बघावं.

बाकी खोलीचं तापमान, अतिनील किरणं, हवेतला वायू फोननेच मोजतो असा दावा करणारी ॲप्स भरपूर आहेत. फोनमध्ये तो सेन्सरच नसेल तर ॲप आकडा कुठून आणणार? एकतर बॅटरीचं तापमान दाखवतं, नाहीतर इंटरनेटवरून हवामान उचलतं. अशी ॲप्स काढून टाका.

वही, पद्धती आणि वाचन

इलेक्ट्रॉनिक प्रयोगवही फोनवर चालवणं मला फारसं रुचत नाही. छोट्या पडद्यावर मोठी नोंद लिहिणं म्हणजे शिक्षा. पण बेंचवरून फोटो, एखादा आकडा, एक ओळ थेट त्या दिवसाच्या पानावर टाकता आली तर तेवढ्यापुरता फोन उत्तम. 'लॅबआर्काइव्ह्ज' किंवा मुक्तस्रोत 'ईलॅबएफटीडब्ल्यू' अशा व्यवस्थांत ते जमतं. दुसऱ्याची विशेष गोष्ट अशी की ती संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते, म्हणजे नोंदी घराबाहेर जात नाहीत. औषधनिर्मितीसारख्या नियंत्रित क्षेत्रात काम करत असाल तर मात्र मनाने काही ठरवू नका. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेचा इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांबद्दलचा नियम १९९७ पासून आहे, आणि कोणी, कधी, काय बदललं याचा माग राहील अशी व्यवस्था त्यात अपेक्षित असते. फोनमधलं साधं नोट्सचं ॲप त्यात बसत नाही.

नोंदी टाइप करताना ऑटोकरेक्ट बंद ठेवा. तो जनुकांची नावं, एन्झाइमची नावं बिनबोभाट बदलतो. संगणकाच्या या अतिशहाणपणाचा त्रास किती मोठा असू शकतो याचं उदाहरण म्हणजे एक्सेल. मार्च१, सेप्ट१ अशा जनुकांच्या नावांच्या ते तारखा करून टाकायचं. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली, मार्चएफ१ आणि सेप्टिन१ अशी केली. सॉफ्टवेअरपुढे जीवशास्त्राने हात टेकले!

पद्धतींसाठी 'प्रोटोकॉल्स डॉट आयओ' चांगलं आहे. एकेक पायरी पूर्ण झाली की खूण करत जायचं, काही बदललं तर तिथेच टीप लिहायची. प्रत्येक सुधारित आवृत्ती वेगळी राहते आणि शोधनिबंधात तिचा कायमचा दुवा देता येतो. २०२३ मध्ये ते स्प्रिंगर नेचरने घेतलं. संदर्भांसाठी झोटेरो. ते २००६ पासून आहे, ना-नफा आहे, आणि त्याचं आयफोन-आयपॅडचं ॲप २०२२ मध्ये आलं. फोनवर शोधनिबंध मन लावून वाचणारे लोक असतील, मी त्यांच्यातली नाही. पण पद्धतीच्या भागातला एखादा आकडा बेंचवर ताडून बघायला ते पुरतं.

ॲप मरतं तेव्हा

संदर्भ सांभाळणाऱ्या मेंडेलेची फोनवरची ॲप्स २०२१ मध्ये बंद झाली. सेन्सरचे आकडे नोंदवणारं गुगलचं 'सायन्स जर्नल' २०२० मध्ये अर्डुइनो या कंपनीकडे गेलं. रासायनिक अपघातांत काम करणाऱ्यांच्या फोनवर वर्षानुवर्षं असलेलं 'वायझर' हे अमेरिकी वैद्यकीय ग्रंथालयाचं ॲप २०२३ मध्ये थांबवलं गेलं. मागे मोठी कंपनी असो की सरकार, ॲप कायमचं असेल याची शाश्वती नाही. म्हणून कोणतंही ॲप घेताना मी पहिल्यांदा एकच बघते: आत टाकलेलं सगळं साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतं का. त्यासाठी ॲपचं वर्णन वाचत बसत नाही, दोन खोट्या नोंदी करून त्या प्रत्यक्ष बाहेर काढून बघते. नाही निघाल्या, तर ॲप कितीही गोड असो, त्यात माझी माहिती जात नाही. आणि टायमरला माझे संपर्क आणि ठिकाण कशाला हवं असतं, हाही एक प्रश्न मी विचारते.

हातमोजे

आता सगळ्यात किळसवाणा विषय. ज्या हातमोज्याने जेल उचललं, त्याच हाताने फोन उचलला, मग हातमोजे काढले, फोन कानाला लावला. इथिडियम ब्रोमाइड, ॲक्रिलामाइड, जिवाणू, जे काही बोटांवर होतं ते आता गालावर आहे. पारदर्शक पिशवीत फोन ठेवला तरी पडदा स्पर्श ओळखतो, तेव्हा पिशवी वापरावी आणि काम संपल्यावर ती प्रयोगशाळेच्याच कचऱ्यात टाकावी. याहून चांगला मार्ग म्हणजे एखादा जुना फोन किंवा टॅबलेट कायमचा प्रयोगशाळेचा करून टाकणं. सिम नाही, समाजमाध्यमं नाहीत, वर सांगितलेली पाच-सहा ॲप्स तेवढी. तो दाराबाहेर जात नाही आणि कोणाचाही खासगी नसल्यामुळे सगळ्यांना वापरता येतो. ज्वलनशील वाफांच्या जागी आणि रेणूंची रचना तपासणाऱ्या एनएमआर यंत्राच्या चुंबकाजवळ मात्र तोही न्यायचा नाही.

एनएमआरचा विषय निघालाच आहे तर त्याच्या चुंबकाला थंड ठेवणाऱ्या हेलियमबद्दल सांगायला हवं. २०१८ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका रुग्णालयात नवं एमआरआय यंत्र बसवताना द्रव हेलियम उकळून वायू इमारतीत पसरला आणि तिथले अनेक आयफोन एकाएकी मेले. अँड्रॉइड फोन ठणठणीत होते. आधी संशय चुंबकाच्या लहरींवर गेला. खरं कारण निघालं ते फोनच्या आतलं घड्याळ. जुन्या उपकरणांत हे काम क्वार्ट्झचा स्फटिक करतो. या फोनमध्ये त्याच्या जागी सिलिकॉनचा अतिसूक्ष्म कंपक होता, हवा काढून बंद केलेल्या कुपीत. हेलियमचे अणू इतके लहान की ते त्या कुपीतही शिरले, कंपकाची गती बिघडली, आणि घड्याळाविना प्रोसेसर चालेना. बहुतेक फोन काही दिवस मोकळ्या हवेत राहिल्यावर, आत शिरलेला वायू निघून गेला तसे पुन्हा सुरू झाले. ज्या दिवशी चुंबकात हेलियम भरायचा असेल, त्या दिवशी वेळ मोजायला साधं बॅटरीवरचं टायमर घ्या आणि फोन बाहेरच्या खोलीत ठेवा.